शेवंतीच्या तोंडातलं लोखंड

वच्छे,

त्या मंगळवारी सकाळी आपण शेवंतीचं तोंड धुतलं. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. शेवटचं आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? रोजचंच होतं. तू तिच्या नाकावर हात ठेवून उभी होतीस आणि मी होळीची पिचकारी घेऊन. कोमट पाण्यात मीठ. तू म्हणालीस, आधी स्वतःच्या हातावर घालून बघा, मग तिच्या तोंडात. मी म्हणालो, बाळाला आंघोळ घालतोय काय मी? तरी हातावर घातलं. चटका बसला. तू गार पाण्याचा तांब्या पुढे केलास.

मग तू तिचा ओठ वर केलास. कोपरा उकललेला, भाकरीला कडेला चीर जाते तसा. आतमध्ये, पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याला मोकळी हिरडी असते, लगामाचं लोखंड बसतं ती जागा, तिथे निळा डाग. तू शिवणाच्या डब्यातली नाडी काढलीस, तिच्या तोंडात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत धरलीस आणि दोन गाठी मारल्यास.

"ही तिच्या तोंडाची रुंदी. तुमचं लोखंड याच्याहून बोटभर लांब आहे. इकडून तिकडं सरकतं. सरकून सरकून सोलतं तिला."

"बरं."

"बरं काय? पंधरा दिवस लोखंड बंद. नुसतं गवत, भिजवलेला कोंडा आणि मिठाचं पाणी."

"लगीनसराई आहे. बॅंडवाल्या लच्छूशेठला शब्द दिलाय मी."

"शब्द तुम्ही दिलाय. तोंड तिचं आहे."

"मग वरातीत काय सुताच्या दोऱ्यानं धरू? घोडी आहे ती, शेळी नाही. ताकद बघितलीस तिची?"

"ताकदीचं मला नका सांगू. दुखतंय म्हणून ओढते ती. लोखंड बदलून काय होणार, मंगलचे बाबा? हात बदला."

हे ऐकलं आणि माझं टाळकं सरकलं. मी म्हणालो, "तुला काय कळतंय घोड्यातलं?" विळा उचलला आणि पालेगावच्या बाजूला गवत कापायला निघून गेलो. भारा घेऊन परत आलो तर तू गव्हाणीच्या खांबाला टेकून बसलेली. वाटलं, दमलीस. शेवंती तुझ्या डोक्यापाशी नाक आणून उभी होती, कान सुद्धा हलवत नव्हती. तेव्हा कळलं. शेजारच्यांनी रिक्षा आणली. उल्हासनगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, आणायच्या आधीच गेल्या.

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी तुला बोललेलं शेवटचं वाक्य ते. चहा टाक म्हणालो असतो तरी चाललं असतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं, तू उलट दिली असतीस.

मंगल म्हणते, बाबा, मनात ठेवू नका, लिहून काढा. पेपरात फोटोखाली लिहितात तसं मला येत नाही. तुझा जन्म कुठे झाला, तू किती मायाळू होतीस, असलं सगळं मंगल लिहील, ती शिकलेली आहे. मी चौथीत शाळा सोडली ती घोड्यामागे. जो कुणी हे वाचेल त्याला एवढंच सांगतो, की आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहतो आणि लग्नाला घोडी देतो. नवरदेव बसतो, पुढे बॅंडवाले वाजवतात, मी लगाम धरून चालतो. उल्हासनगरच्या सिंधी लग्नांत घोडी लागतेच, आता आपल्या लोकांनाही लागते. बाकी जे लिहायचं ते तुलाच लिहायचंय, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं.

शेवंतीला आणली तो दिवस आठव. टेंपोतून उतरवली आणि तिनं मला पूर्ण गल्लीभर फरफटत नेलं. पांढरी शुभ्र, छाती ही एवढी रुंद, मान अशी की दोन्ही हातांत मावत नाही. मी मागे टाचा रोवून लटकलेला. तू दारात उभी राहून ओरडलीस, "अहो, कोण कोणाला फिरवतंय?" अख्खी गल्ली हसली. मी लाजलो, पण घोडी बघून छाती फुगली होती माझी. असलं ताकदीचं जनावर मला आयुष्यात मिळालं नव्हतं. नाव तू ठेवलंस. मी म्हणत होतो बिजली. तू म्हणालीस, बिजली म्हटलं की लोक लांब पळतात, शेवंती म्हटलं की जवळ येतात.

ताकदीची मला हौस होती आणि तिचीच मला भीती होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला माहीत होतं ते वेगळं.

बदलापूरची ती वरात तू विसरणार नाहीस. शेवंतीच्या आधीचा आपला राजा. पायात फटाक्यांची माळ पडली आणि राजा उधळला. लगाम माझ्या हातातून सुटला, नवरदेव खाली आला, खांद्याचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधून बोहल्यावर चढला बिचारा. मी कोपऱ्यात उभा होतो, तोंड दाखवायची हिंमत नव्हती. तू जमलेल्या पाहुण्यांमधून वाट काढत त्याच्या आईजवळ गेलीस, तिच्या पायाशी बसलीस, हात जोडलेस. लोकांनी मला मारलं नाही ते तुझ्यामुळे. त्या दिवसानंतर माझ्या बोटांनी लगाम सैल धरलाच नाही. झोपेत सुद्धा मूठ आवळलेली असते असं तूच सांगायचीस.

म्हणून शेवंती आल्यावर मी काटेरी लगाम आणला. लोखंडाला आतून दाते असतात, जनावरानं ओढलं की तेच टोचतात. धंद्यात पुष्कळ जण वापरतात, डॉक्टरांना दाखवत नाहीत. तीन वराती केल्या. घोडी मेंढरासारखी चालली. चौथ्या वरातीच्या वेळी लगाम सापडेना. पेटी उलटी केली, माळा बघितला, शेजाऱ्यावर आळ घेतला. तीन दिवस तू माझ्याबरोबर शोधत होतीस! पलंगाखाली वाकून बघितलंस. आणि चौथ्या दिवशी ताटात भाजी वाढता वाढता म्हणालीस, "वालधुनी नदीत टाकला मी तो."

"कधी?"

"सोमवारी."

"मग तीन दिवस शोधत काय होतीस?"

"तुमचा राग उतरायची वाट बघत होते."

मी ताट सरकवलं. तू परत पुढे सरकवलंस. "तुमच्या तोंडात घालते खिळे, मग सांगा कशी लागते भाजी." मला हसू आलं, मी दाबलं. तेव्हा हसायला पाहिजे होतं.

आता जे सांगतो ते तुला सांगितलेलं नाही.

काटेरी गेल्यावर मी जाड लोखंड आणलं, अंगठ्याहून जाड. सगळे म्हणतात, जाड म्हणजे नरम, बारीक म्हणजे कडक. मलाही तेच वाटायचं. पण शेवंती त्यावर आणखी ओढायला लागली. तोंड उघडायची, जीभ बाहेर काढायची, डोकं वर फेकायची. मी म्हटलं आणखी मऊ करू. सायकलची जुनी ट्यूब कापली आणि त्या लोखंडाला गुंडाळली. माझी अक्कल! मला वाटलं गादी केली तिच्यासाठी. रबर ओलं असतं तोपर्यंत ठीक असेल, पण वरातीत जनावर तास न् तास उभं राहतं, तोंड कोरडं पडतं, आणि कोरडं रबर कातडीला चिकटतं. ओढलं की कातडी बरोबर येते. दोन वरातींत तिचे दोन्ही कोपरे सोलून निघाले.

तू विचारलंस, हे कशानं झालं? मी म्हणालो, उल्हासनगरच्या लग्नात नवरदेवाच्या मेव्हण्यानं लगाम हिसकला, घोडी नाचवायला. खोटं. मेव्हणा नाचत होता, पण स्वतःच. लगामाला त्यानं हात लावला नव्हता. पुढच्या वेळी तो लच्छूशेठच्या दुकानात दिसला तेव्हा तू त्या माणसाला काय काय बोललीस! "दूल्हे के साले को घोडी का मुँह दिखता नहीं क्या?" तो बिचारा हात जोडून म्हणतोय, माताजी, मैंने क्या किया? आणि मी शेजारी उभा, साफ्यांच्या किमती विचारतोय.

पण वच्छे, मला आता वाटतं तुला कळलं होतं. कारण ती ट्यूब सोडवून काढली ती तूच. मी उठलो तर लोखंड घासून स्वच्छ टांगलेलं, ट्यूबचे तुकडे कचऱ्यात. त्यावर तू एक शब्द बोलली नाहीस. मीही नाही. मंगळवारी तू म्हणालीस "हात बदला", तेव्हा तू सगळंच म्हणालीस. म्हणून तर मला एवढा राग आला.

तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी लच्छूशेठ भेटायला आला. आपल्या धंद्याची सगळी कामं त्याच्याचकडून येतात. बॅंड त्याचा, साफे, झुली, लगाम विकायचं दुकान त्याचं. एवढा मोठा माणूस, चप्पल बाहेर काढून जमिनीवर बसला. तुझ्या हातची झूल त्याच्या दुकानात अजून टांगलेली आहे म्हणाला, विकत नाही म्हणाला. मग म्हणाला, "चाचा, बुरा मत मानना. घर में गमी है, तो घोडी अभी नहीं चलेगी. लोग शगुन-अपशगुन देखते हैं. मैंने दूसरी मंगवा ली है, तेरवीं तक आप फिकर मत करो."

मला त्याचं वाईट वाटलं नाही. सुतकातल्या घरची घोडी कुणी दारात घेत नाही, हे मला काय नवीन? तो गेला. मी गोठ्यात गेलो. शेवंती कोंडा खात होती, दोन्ही बाजूंच्या दाढांनी. आधी एकाच बाजूनं चावायची, घास गोळा होऊन खाली पडायचा. तोंडात लोखंड नसलेला तिचा तो चौथा दिवस होता. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

तू पंधरा दिवस मागितले होतेस. मी एक दिवस दिला नाही. लगीनसराई आहे म्हणालो. तू मेलीस आणि तिला तेरा दिवस मिळाले.

मी तिथेच खाली बसलो. लोकांना वाटलं आजोबांना चक्कर आली. पाणी आणलं कुणीतरी.

देवानं असा हिशेब केला असेल असं मी मानत नाही. छातीत दुखलं आणि तू गेलीस, त्यात घोडीचा काही संबंध नाही, मला एवढी अक्कल आहे. पण रोज सकाळी तिचा ओठ वर करून बघायचो तर कोपरा भरत आलेला, निळा डाग फिका झालेला, आणि मला आनंदही व्हायचा आणि लाजही वाटायची. एका वेळी दोन्ही कसं होतं ते मला नीट सांगता येत नाही. तुझ्या सुतकात मी घोडीचं तोंड बघून खूश होत होतो.

मंगल सगळे दिवस इथेच होती. कामाची आहे पोर, तुझ्यासारखीच सरळ बोलते. सातव्या दिवशी म्हणाली, "बाबा, आता तुम्ही बदलापूरला आमच्याकडे चला. फ्लॅटमध्ये एक खोली रिकामीच आहे."

"आणि ही?"

"लच्छूशेठ म्हणत होते गिऱ्हाईक आहे. चांगली किंमत देतोय."

"कोण आहे? काय वापरतो तोंडात?"

ती म्हणाली, "काटाच वापरत असेल. पण बाबा, तुमच्याच्यानं आवरत नाही ती आता. आई होती तेव्हा दोघं होतात. एकट्याला फरफटत नेलं आणि ट्रकखाली आलात, तर मी काय करू? आईला तर शेवटचं बघितलंही नाही मी."

खरं होतं. सत्तरी पार केलेला माणूस मी आणि ते जनावर असं. काटा नसेल तर आवरत नाही, काटा घालायचा नाही, मग घरात ठेवून करू काय? चारा काय तुझ्या फोटोसमोर बसून मिळतो? मी मंगलला म्हणालो, "तेरावं होऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला नरम लोखंडावर बाहेर काढतो. माझ्या हातात नीट चालली तर राहील. नाही चालली तर तुझ्या गिऱ्हाइकाला बोलाव, मी तुझ्याबरोबर येतो."

"नक्की?"

"नक्की."

तुला न विचारता मी तुझी घोडी पणाला लावली. दुसरं काय करणार होतो?

नवव्या दिवशी बदलापूरहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, मंगलनं बोलावल्या. लहानशा अंगाच्या, पण शेवंतीची जीभ बाजूला धरून आत हात घातला तर मीच दचकलो. मागची एक दाढ कडेला धारदार झाली होती, ती कानशीनं घासून गोल केली. मी माझं जाड लोखंड दाखवलं.

"काका, जाड म्हणजे नरम असं सगळ्यांनाच वाटतं. पण हिची जीभ मांसल आहे आणि टाळू खाली आहे. तोंडात जागाच नाही. हे म्हणजे तोंडात लाटणं धरून चालायचं."

"मग बारीक घेऊ?"

"फार बारीक कापतं. करंगळीएवढं घ्या, गुळगुळीत. मध्ये एकच जोड असला की ओढल्यावर तो टाळूला टोचतो. दोन जोड असलेलं बघा, मध्ये बदामाएवढा तुकडा. ते जिभेवर नीट बसतं. बांधल्यावर ओठाच्या कोपऱ्याला एक सुरकुती पडली पाहिजे, दोन नको. आणि रुंदी..." त्या पर्समध्ये टेप शोधायला लागल्या.

मी तुझी दोन गाठींची नाडी काढून पुढे केली. खिशातच होती. बाईंनी टेप तोंडाला लावला, मग नाडी टेपला लावली.

"कुणी मोजलं हे? अगदी बरोबर आहे."

"मालकिणीनं," मी म्हणालो.

नऊ दिवस रडलो नव्हतो, त्या परक्या बाईसमोर रडलो. त्यांनी शेवंतीच्या मानेवर हात फिरवत माझ्याकडे न बघता वाट बघितली. जाताना म्हणाल्या, "काका, लोखंड कितीही चांगलं घेतलं तरी धरणारा ओढत राहिला, तर पुन्हा हेच होणार." मी म्हणालो, हे मला आधी सांगितलेलं आहे.

तुला घोड्यातलं कळत होतं, वच्छे. मला घोडा कळत होता, म्हणजे त्याची छाती, पाय, चाल, भाव. तोंड तुलाच कळत होतं, कारण त्याला घास तू भरवायचीस.

दहावं झाल्यावर मी लच्छूशेठच्या दुकानात गेलो. साफे, तलवारी, मोत्यांच्या मुंडावळ्या आणि त्या सगळ्याच्या मागे खिळ्याला टांगलेले लगाम. त्यानं न विचारता काटेरी काढून काउंटरवर ठेवला.

"चाचा, तुम्हारी घोडी पहलवान है. यही लगेगा."

"ये नको. मधल्या तुकड्याचं दाखव. गुळगुळीत."

त्यानं सगळी टोपली ओतली. मी एक एक हातात घेऊन बघत होतो. जोडामध्ये माझ्या तळहाताची कातडी धरून ओढायचो. जे चिमटा काढेल ते बाजूला. टोकाच्या कड्यांपाशी बोट फिरवायचो, खरखरीत लागलं की बाजूला. शेवटी दोन उरली. दोन्ही सारखीच दिसत होती. नाडी लावली, दोन्हींची रुंदी बरोबर. मग मी एक रुमालानं पुसलं आणि स्वतःच्या तोंडात घातलं.

लच्छूशेठ उठून उभा राहिला. "चाचा! घोडी तुम हो या वो?"

गिऱ्हाइकं हसली. हसू देत. पहिलं दाताला खट्कन लागलं, जिभेवर कडेनं टेकत होतं. दुसरं घातलं, ते जिभेवर सपाट बसलं. गार होतं मात्र, एकदम गार. थंडीच्या दिवसांत तू लोखंड आधी काखेत धरून बसायचीस, मी तुला वेडी म्हणायचो. तोंडात लोखंड घेऊन मी दुकानात उभा होतो आणि तेव्हा कळलं तू काय करत होतीस. काढून म्हणालो, हे दे.

लच्छूशेठ पुडी बांधता बांधता हळूच म्हणाला, "चाची होती तो डाँटती, कि जूठा कर दिया."

बरोबर बोलला.

तेराव्याला माणसं पुष्कळ आली. तुला आवडायची ती वालाची उसळ केली होती, मंगलला तुझ्यासारखी जमली नाही, तिनं स्वतःच सांगितलं. लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते. कुणी म्हणालं शांत स्वभावाची होती. मी ऐकून घेतलं. शांत! तीन दिवस लगाम शोधायचं नाटक करणारी बाई. सगळे गेल्यावर मी आणि मंगलनं भांडी आवरली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. मंगल माझ्या मागे मागे गोठ्यापर्यंत आली आणि दारात थांबली. मी नवं लोखंड काखेत धरून बसलो. चांगलं कोमट होईपर्यंत. शेवंतीनं लगाम बघितला आणि डोकं वर केलं, छताला लागेल एवढं. पूर्वी मी कान पकडून खाली ओढलं असतं. बसून राहिलो. गुडघे दुखले तरी बसून राहिलो. मंगल म्हणाली, "बाबा, काय करताय?" मी म्हणालो, "काही नाही करत." बऱ्याच वेळानं डोकं खाली आलं. मी अंगठा तिच्या बिनदाताच्या जागेत ठेवला, तोंड उघडलं, लोखंड आत गेलं. कोपऱ्याला एक सुरकुती. दोन नाही. ती जिभेनं ते फिरवून फिरवून बघायला लागली, नवीन पदार्थ चाखावा तशी.

पालेगावच्या रस्त्याला घेतलं. तिथे आता सगळीकडे बिल्डिंगी उठतात, मिक्सर फिरतात, सळ्यांचे ट्रक जातात. वरातीपेक्षा कमी गोंगाट नाही. मंगल पन्नास पावलं मागून येत होती. शेवंती लांब टांगा टाकत चालली होती, मी बरोबर. डोकं खाली, कान सैल. मला वाटलं, झालं, जमलं.

तेवढ्यात पाण्याच्या टॅंकरनं मागून हॉर्न दिला.

मी घाबरलो. ती घाबरायच्या आधी मी घाबरलो. मूठ आपोआप आवळली गेली आणि मी दोन्ही हातांनी मागे खेचलं, बदलापूरच्या त्या वरातीपासून खेचतो तसंच. शेवंतीचं डोकं वर गेलं, तोंड उघडलं आणि तिनं छाती पुढे टाकली. पाय घसरायला लागले माझे. मंगल ओरडली, "बाबा, सोडा!"

मी मूठ उघडली. लगाम सोडला नाही, मूठ उघडली. बोटांतून लगामाचं कातडं सरसर गेलं, हातभर, मग टोक राहिलं तेवढं धरलं, पाण्याचा लोटा अलगद धरावा तितकंच. शेवंती सुटली तशी पुढे गेली, चार पावलं, सहा पावलं. मी मागे धावत होतो, वच्छे, या वयात. आणि मग तिला जाणवलं असेल की तोंडात काही टोचत नाही, कुणी ओढत नाही. ती मंदावली. पळायला काही कारणच राहिलं नव्हतं. टॅंकर शेजारून निघून गेला. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडेच्या गवताला तोंड लावलं.

मंगल धापा टाकत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं आधी मला बघितलं, हातपाय चाचपले. मग मी शेवंतीचा ओठ वर करून तिला दाखवला. पांढरा फेस होता. लाल कुठेच नव्हतं.

"किती जोरात ओढलं हो तिनं," मंगल म्हणाली.

"तिनं नाही," मी म्हणालो. "मी ओढलं."

थोड्या वेळानं मंगलनं फोन काढला आणि लच्छूशेठला सांगितलं की गिऱ्हाइकाला नाही म्हणा. मग फोन माझ्या कानाला लावला. मी म्हणालो, लग्नं घेतो, पण लगामाला माझ्याशिवाय कुणाचा हात लागणार नाही, घोडी नाचवणार नाही, आणि तिच्या पायाशी फटाके वाजले तर मी नवरदेवाला खाली उतरवून घरी येईन. तो म्हणाला, "चाचा, कौन लेगा ऐसी घोडी?" मी म्हणालो, जो लेगा वो लेगा.

फोन मंगलला दिला. शेवंती चरत होती आणि मी लगामाचं टोक धरून तिच्या शेजारी उभा होतो. तिचं चरून होईपर्यंत मी तिला हलवलं नाही.